पेशीचा आकार आणि निदानाचा अधिकार

1904 सालच्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. खोकला, ताप, धाप, आणि पायांवर भरून आलेल्या जखमांचे व्रण. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोल तांबड्या पेशींमध्ये काही पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. आयर्न्सने त्यांचं रेखाटन करून ठेवलं. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी पुढची काही वर्षं या रुग्णावर लक्ष ठेवलं आणि 1910 साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. सिकलसेलच्या इतिहासातला पहिला लेख म्हणून तो वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकून तरी माहीत असतो. त्यातली एक बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. हेरिक यांनी निदान केलं नाही. पेशींचे असे आकार कशामुळे झाले हे सांगता येत नाही, अशाच आणखी रुग्णांची माहिती येईपर्यंत प्रश्न खुला ठेवावा लागेल, असं लिहून ते थांबले.

रक्तपेशीच्या रूपाचं निदानातलं खरं स्थान त्या थांबण्यात आहे, असं मला वाटतं. रूप पाहून शंका घ्यावी, शंकेला दिशा द्यावी आणि निकाल रेणूवर सोपवावा. आज आपल्याकडे याचा दोन्ही बाजूंनी विसर पडतो आहे. स्लाइडवर विळे दिसले नाहीत म्हणून सिकलसेल नाही, असं समजणारे आहेत. यंत्र आलं, किट आलं, आता स्लाइड कशाला पाहायची, असं समजणारेही आहेत. पहिल्या समजुतीने रुग्ण निसटतो. दुसरीने तो निसटल्याचं कळण्याची वाटही बंद होते, म्हणून ती मला अधिक घातक वाटते.

आधी मर्यादा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. एवढ्या एका बदलातून सिकल हिमोग्लोबिन तयार होतं, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी 1950च्या दशकात दाखवलं. प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ तंतू बनतात आणि ते पेशीला आतून ताणून वाकवतात. आई आणि वडील दोघांकडून हे जनुक आलं तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन साधारण 30 ते 40 टक्के असतं, बाकीचं निर्दोष. त्यामुळे रोजच्या जगण्यात त्याच्या पेशी वाकत नाहीत आणि त्याची रंगवलेली स्लाइड निरोगी माणसाच्या स्लाइडसारखीच दिसते. कितीही अनुभवी पॅथॉलॉजिस्ट बसवा, सूक्ष्मदर्शक कितीही महागडा आणा, वाहक तिथे दिसायचाच नाही. आणि पुढच्या पिढीतला आजार टाळायचा असेल तर शोधायचा असतो तो वाहकच.

रुग्णाच्या बाबतीतही पुस्तकातला फोटो आपल्याला फसवतो. त्या फोटोत एका दृष्टिक्षेत्रात आठ-दहा ठळक विळे असतात. ते रक्त बहुधा आफ्रिकी वंशाच्या रुग्णाचं असतं. भारतात सिकलचं जनुक ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतं तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, आणि त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहतं. हे हिमोग्लोबिन सिकलच्या तंतूंमध्ये सामील होत नाही, उलट त्यांची वाढ रोखतं. त्यामुळे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या ‘एसएस’ रुग्णाच्या स्लाइडवर कधी कधी विळे हुडकावे लागतात. त्या भागात अल्फा थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीचं उत्पादन घटवणारं, जनुकही पुष्कळ आढळतं, त्याने पेशी लहान आणि फिकट होतात आणि चित्र आणखी बदलतं. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया आलेला रुग्ण असेल तर विळ्यांपेक्षा ‘टार्गेट’ पेशीच जास्त दिसतात. मध्ये गडद ठिपका, भोवती फिकट कडं, बाहेर पुन्हा गडद वर्तुळ, असं त्यांचं रूप. विळा सापडण्यावर निदान टांगून ठेवलं तर यातले कितीतरी रुग्ण हातचे जातील.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. स्लाइडवर विळे जास्त तर वेदना जास्त, असा हिशेब लागत नाही. कायमच्या वाकलेल्या पेशींचं प्रमाण रक्त किती फुटतं आहे याच्याशी बऱ्यापैकी जुळतं, पण या आजारातल्या हाडं फोडणाऱ्या वेदनेची पाळी किती वेळा येईल, हे त्यावरून सांगता येत नाही. रात्री दोन वाजता कण्हत आलेल्या मुलाच्या स्लाइडवर विळे थोडे आहेत म्हणून त्याच्या दुखण्यावर संशय घेणं हा अन्याय आहे.

इतक्या मर्यादा सांगितल्यावर वाचक विचारेल की मग रूपाला धरून बसायचं कशाला. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो.

1917 मध्ये व्हिक्टर एमेल यांनी रक्ताचा थेंब काचेखाली बंद करून ठेवला आणि पेशी हळूहळू वाकताना पाहिल्या. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात आणि परत दिला की सरळ होतात. पुढे 1945 च्या सुमारास बोस्टनच्या विल्यम कॅसल यांच्या तोंडून लायनस पाउलिंग यांनी हीच माहिती ऐकली. पाउलिंग रसायनशास्त्रज्ञ, रक्ताच्या आजारांशी त्यांचा संबंध नव्हता. पण प्राणवायू गेल्यावर आकार बदलतो, म्हणजे बिघाड प्राणवायू वाहणाऱ्या रेणूतच असला पाहिजे, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं. 1949 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन पळवून दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने जातं आणि वाहकात दोन्ही प्रकार असतात. रेणूचा आजार ही कल्पना वैद्यकात रुजली ती त्या लेखाने.

या घटनेकडे बहुतेक जण रूपाच्या पराभवाची कथा म्हणून पाहतात. डोळ्याचा काळ संपला, रसायनाचा सुरू झाला, असं. मला ती तशी वाटत नाही. रसायनशास्त्रज्ञाला कोणत्या रेणूकडे पाहायचं हे आकाराने सांगितलं होतं. रूपाने विचारलेला प्रश्न नेमका होता म्हणूनच प्रयोगाचं उत्तर नेमकं आलं.

याहूनही बोलकं उदाहरण जॅनेट वॉटसन यांचं. न्यूयॉर्कमधल्या या बालरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये सिकलचं जनुक असलेल्या नवजात बाळांचं रक्त तपासलं. प्राणवायू काढून घेतला तरी त्या बाळांच्या पेशी मोठ्यांच्या मानाने फारच कमी वाकत होत्या, आणि महिने उलटत गेले तसतसं वाकणं वाढत गेलं. बाळाच्या रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्याला वाचवत असावं, असा तर्क त्यांनी मांडला. त्या वेळी ना डीएनएची रचना ठाऊक होती, ना हिमोग्लोबिनच्या साखळ्यांचा क्रम. हातात होता सूक्ष्मदर्शक आणि काळजीपूर्वक पाहायची सवय. आज सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दिली जाते तिच्यामागे हाच तर्क आहे, कारण ती गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचारही त्याच हिमोग्लोबिनचं बंद झालेलं दार उघडतो. विदर्भातला आजार काही रुग्णांत सौम्य का असतो याचं उत्तरही त्यातच आहे.

आता आपल्या दवाखान्यांकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

गावातल्या किंवा शहरातल्या कोणत्याही लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट आणा. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर खाली ठराविक ओळ सापडते: ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक ॲनिमिया’. पेशी लहान आणि फिकट आहेत, इतकाच तिचा अर्थ. हे रूपाचं वर्णन आहे, त्यातून कारण कळत नाही. पण आपल्याकडे ते कारण असल्यासारखं वाचलं जातं आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला, आणि त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. म्हणूनच थॅलेसेमियाची वाहक स्त्री या गर्दीत अलगद लपते. तिच्याही पेशी लहान आणि फिकट. तिलाही गोळ्या मिळतात. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही, तेव्हा गोळ्या नीट घेतल्या नसतील असं तिलाच ऐकवलं जातं, किंवा डोस वाढवला जातो. तिला गोळ्या चुकीच्याच असतात असं नाही, वाहक असूनही लोह कमी असू शकतं. पण तिच्या रक्तात दुसरंही काही असेल का, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

आणि तो विचारायला लागणारी माहिती त्याच कागदावर असते. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते, कारण कारखान्यात कच्चा मालच नसतो. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान होतात, पण संख्या भरपूर, बहुधा 50 लाखांच्या वर. लोहाच्या कमतरतेत काही पेशी मोठ्या, काही लहान, आकारांत मोठी तफावत. वाहकात बहुतेक सगळ्या पेशी सारख्याच लहान. 1973 मध्ये विल्यम मेंटझर यांनी साधा हिशेब सुचवला: पेशीच्या सरासरी आकारमानाला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागायचं, उत्तर 13 पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाची शंका घ्यायची. हा भागाकार निदान करत नाही, चुकतोही. तरी तो एका मिनिटात होतो आणि पुढच्या तपासणीची गरज दाखवतो. स्लाइडवर टार्गेट पेशी आणि पेशींमधले निळसर बारीक ठिपके दिसले तर शंका पक्की होते. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण पाहायचं, आणि त्या वेळी लोहाचीही तपासणी करायची, कारण लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकते.

देशात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सुमारे 3 ते 4 टक्के मानले जातात, आणि दरवर्षी अंदाजे 10 हजार बालकं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. अशा प्रत्येक मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि साठत जाणारं लोह शरीराबाहेर काढायला औषधं द्यावी लागतात. आपल्याकडे ही तपासणी सिंधी, कच्छी लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांपुरती ध्यानात ठेवली जाते. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, आणि उल्हासनगरसारख्या ठिकाणी त्यावर झालेल्या कामाचं मोलही मोठं. पण वाहक सगळ्याच समाजांत आहेत. आडनाव पाहून शंका घेतली की बाकीचे सुटतात, आणि ज्यांच्यावर शंका घेतली जाते त्यांच्या कपाळी शिक्का बसतो. पेशीचं आकारमान आणि संख्या आडनाव विचारत नाहीत. प्रत्येक गरोदर स्त्रीचा सीबीसी होतोच, तो या नजरेने वाचला तर वेगळा खर्च न करता संशयित वाहक पुढे येतील. सिकलसेलचा वाहक याने सापडणार नाही, त्याला वेगळी तपासणी लागते, हे मी वर सांगितलंच आहे. थॅलेसेमियासाठी मात्र ही चाळणी हाताशी असूनही आपण ती वापरत नाही.

ज्या ठिकाणी सीबीसीचं यंत्रही नाही तिथेही मार्ग आहे, आणि तो भारतीय डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलेला आहे. नेस्ट्रॉफ्ट नावाची तपासणी. 0.36 टक्के क्षाराच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, अर्धा तास थांबायचं आणि नळीच्या मागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरायचा. सामान्य रक्ताच्या पेशी त्या पातळ पाण्यात फुटतात, द्रावण स्वच्छ लाल होतं, रेघ दिसते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी फुटत नाहीत, द्रावण गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. लोहाची कमतरता असली तरी कधी कधी असंच होतं, म्हणून हीसुद्धा फक्त चाळणी. पण तिचं कारण पाहिलं की रूपाचा अभ्यास का करायचा ते समजतं. या पेशींच्या आत हिमोग्लोबिन कमी आणि आवरण त्या मानाने जास्त असतं. म्हणून पाणी शिरलं तरी फुगायला जागा उरते. आणि ते जास्तीचं आवरणच स्लाइडवर दुमडून टार्गेट पेशीचं रूप घेतं. एकच गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली एका रीतीने दिसते, नळीत दुसऱ्या रीतीने. हे ज्याने समजून घेतलं त्याला टार्गेट पेशी हा पाठ करायचा शब्द राहत नाही.

सिकलसेलकडे परत येतो. 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना सिकलचं जनुक आढळलं, आणि भारतात हा आजार आहे हे जगाला कळलं. त्या दशकातच नागपूरहूनही त्याची नोंद झाली. पुढे विदर्भाचे जिल्हे, नंदुरबार, धुळे, शेजारचा छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा असा पट्टा उलगडत गेला. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य. इतकी दशकं दुर्लक्षित राहिलेल्या लोकांसाठी एवढ्या प्रमाणावर काम उभं राहिलं याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्यातली उणीव स्पष्ट बोलायला हवी.

गावपातळीवर पुष्कळ ठिकाणी पहिली तपासणी असते सोल्युबिलिटी टेस्ट. रक्त एका रसायनात मिसळायचं, गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे. स्वस्त, झटपट, आशाताईंसोबतच्या शिबिरात होण्याजोगी. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, म्हणून पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, हे मोहिमेत धरलेलं आहे. पण ही टेस्ट खोटं ‘नाही’ कुठे देते? सहा महिन्यांच्या आतल्या बाळात, कारण त्याच्यात सिकल हिमोग्लोबिन अजून कमी असतं. आणि तीव्र ॲनिमियात, कारण थेंबात पुरेसं हिमोग्लोबिनच नसतं. म्हणजे जो सर्वांत आजारी, पांढराफटक पडलेला, त्याच्याच बाबतीत ती चुकण्याची भीती जास्त. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर आणखी पंचाईत. मग एचपीएलसीवर दिसतं ते बरंचसं रक्तदात्याचं हिमोग्लोबिन. थॅलेसेमियाच्या बाळाला कुठल्याशा रुग्णालयात घाईत रक्त चढवलं गेलं आणि आधीचा नमुना ठेवला नाही, तर नेमकं निदान कित्येक आठवडे लांबतं, आई-वडिलांची तपासणी करून उलट्या वाटेने जावं लागतं.

अशा ठिकाणी स्लाइड कामाला येते. तीव्र ॲनिमिया असलेल्या मुलाच्या स्लाइडवर केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी, टार्गेट पेशी, निळसर छटेच्या मोठ्या तरुण पेशी दिसल्या, तर टेस्ट ‘नाही’ म्हणाली तरी कोणताही जाणकार तिथे थांबणार नाही. रक्त चढवण्याआधी दोन स्लाइड पसरून कोरड्या करून ठेवायला पाच मिनिटं लागतात. सोबत एका नळीत थोडं रक्त बाजूला ठेवलं की पुढची वाट मोकळी राहते. माझ्या मते ही रक्त चढवण्यापूर्वीची सक्तीची पायरी व्हायला हवी.

मोहिमेत तपासलेल्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर ‘एसएस’ किंवा ‘एएस’ लिहिलं जातं ते जन्मभर बदलत नाही. शरीर मात्र बदलत राहतं, आणि ते कार्ड सांगू शकत नाही. स्लाइड सांगते. प्लीहेचं एक काम म्हणजे पेशींमधले केंद्रकाचे उरलेले कण काढून टाकणं. प्लीहा निकामी झाली की हे कण पेशींमध्ये गोल काळपट ठिपक्यांसारखे राहून जातात. त्यांना हॉवेल-जॉली कण म्हणतात. ते दिसले की समजायचं, या मुलाला न्यूमोकोकससारख्या जंतूंपासून वाचवणारी चौकी पडली आहे. 1986 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात लहान सिकलसेल रुग्णांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाला होता. आपल्याकडे अनेक मुलांत प्लीहा मोठेपणापर्यंत वाढलेलीच राहते, म्हणून ती काम करते असा समज होतो. हाताला लागणारी प्लीहा काम करतेच असं नाही, आणि याची पहिली खूण स्लाइडवर असते.

यावर मोठा आक्षेप येतो तो माणसांच्या डोळ्याच्या भरवशाचा. दोन पॅथॉलॉजिस्ट तीच स्लाइड पाहून वेगळं लिहितात, संध्याकाळची शंभरावी स्लाइड सकाळच्या पहिलीसारखी पाहिली जात नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट असतोच कुठे? आक्षेप खरा आहे. त्यात आणखी भर घालतो. स्लाइड हळूहळू वाळली की निरोगी रक्तातही टार्गेट पेशी दिसतात. रक्त नळीत बराच वेळ राहिलं की पेशींच्या कडा दातेरी होतात. पावसाळ्यात मिथेनॉलमध्ये ओल शिरली की पेशींच्या मध्यभागी चकाकणारी खोटी वलयं उमटतात, आणि कोकणात चार महिने हा त्रास होतो. पसरट टोकाकडच्या पेशी पाहिल्या तर फिकटपणा कळत नाही. जाड भागात काहीच कळत नाही.

पण हे सगळे दोष शिकवून जाणारे आहेत. 2015 मध्ये रक्तविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण परिषदेने पेशींच्या रूपांची नावं आणि त्यांची प्रतवारी ठरवून दिली, ती आपल्या प्रत्येक टेक्निशियनच्या अभ्यासक्रमात असावी. पाहणाऱ्याला लिम्फोसाइटचं केंद्रक मोजपट्टी म्हणून वापरता आलं पाहिजे. तांबडी पेशी साधारण तेवढीच असते, त्याहून बरीच लहान दिसली की पेशी लहान आहेत, यंत्राशिवायही कळतं. रिपोर्टाची भाषा बदलली पाहिजे. ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ लिहून पूर्णविराम द्यायचा नाही. त्याखाली लिहावं: पेशींची संख्या जास्त आहे, थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता, एचपीएलसी करावी, जोडीदाराचीही तपासणी करावी. ही एक ओळ वाचून ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर पुढचं पाऊल उचलेल. वर्णनाचं काम प्रश्न विचारणं आहे, तर तो प्रश्न कागदावर उमटला पाहिजे.

डोळा दमतो, तर संगणक बसवा, हे पुढचं उत्तर. मोबाइलला जोडलेले सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड वाचणारी कृत्रिम बुद्धी यांवर जगभर काम चालू आहे, आपल्या देशातही. मी त्याच्या विरोधात नाही. तालुक्याच्या लॅबला दूरच्या तज्ज्ञाची नजर मिळणार असेल तर हवीच. फक्त यंत्राला काय शिकवलं आहे ते आधी विचारावं. या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या प्रतिमांच्या एका प्रसिद्ध संग्रहात क्युबातल्या सांतियागोच्या रुग्णांच्या स्लाइड आहेत, आणि पेशी तीन गटांत मांडल्या आहेत: गोल, लांबट, इतर. विळा शोधायला शिकवणारी ही विभागणी हेरिक यांच्या चित्राचीच पुढची आवृत्ती आहे. विदर्भातल्या मुलाच्या स्लाइडवर विळे मोजकेच असतील, टार्गेट पेशी जास्त असतील, रंग लेश्मनचा असेल आणि तोही पाण्याच्या गुणाप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यात थोडा वेगळा चढलेला असेल. असं यंत्र त्या स्लाइडला ‘सामान्य’ म्हणण्याचा धोका उघड आहे. मुंबईतलं राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थान आणि विदर्भातली वैद्यकीय महाविद्यालयं यांच्याकडे जनुकीय तपासणीने पक्कं निदान झालेले रुग्ण आहेत. त्यांच्या स्लाइडचा, त्यांच्या संमतीने, ओळख काढून टाकून, आपला स्वतःचा संग्रह उभा राहिला तरच ते यंत्र इथलं रक्त ओळखायला शिकेल. आणि तेव्हाही वाहक त्याला दिसणार नाही, हे त्याच्या पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं.

स्लाइड पाहण्याच्या या कामाला लागणारी घडी गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आधीपासून बसलेली आहे. सिकलचं जनुक आणि मलेरिया यांची सोबत जुनी, वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. गडचिरोली हा महाराष्ट्रातला मलेरियाचा सर्वांत जास्त भार वाहणारा जिल्हा. तिथे पिढ्यान् पिढ्या तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून एकाच काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ थर घेतला जातो. जाड थरातल्या पेशी रंगवताना फुटतात, तिथे फक्त परजीवी शोधायचा. पातळ थरात पेशी शाबूत असतात, आणि मलेरियाचा टेक्निशियन रोज त्या पाहतो. परजीवी आहे की नाही एवढंच लिहायला त्याला सांगितलेलं असतं. जलद चाचणीचं किट आल्यापासून पुष्कळ ठिकाणी पातळ थर घेतलाच जात नाही. त्या टेक्निशियनला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन टार्गेट पेशी, केंद्रक असलेल्या पेशी, विळे आणि हॉवेल-जॉली कण ओळखायला शिकवता येतं, आणि त्याच्या नोंदवहीत परजीवीच्या रकान्याशेजारी तांबड्या पेशींसाठी एक रकाना वाढवता येतो. तापाने फणफणलेलं मूल, किटवर मलेरिया नाही, सोल्युबिलिटी टेस्ट ‘नाही’ म्हणते, हिमोग्लोबिन पाच. त्याच्या पातळ थरात त्या टेक्निशियनला केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या, तर त्या रकान्यात लिहिलेल्या एका ओळीवरून ते मूल त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पोचेल, आणि रक्त चढवण्याआधी त्याचा नमुना एचपीएलसीला गेलेला असेल.